बिनचिठ्ठीचे कपडे

गावाचं नाव सूर. आमच्याकडे ऐकून हसतात.
ओमानच्या टोकाला, खाडीच्या कडेला,
जिथे अजून दोन-चार जण लाकडी गलबतं बांधतात,
तिथे बुरोंडकरांची लाँड्री:
दोन मशिनं, तीन इस्त्र्या, एक गळका एसी
आणि भिंतभर टांगलेले दिशदाशे,
सगळे पांढरे.

चिठ्ठी लावायची पद्धत नव्हती.
गिऱ्हाईक दारात दिसलं की
अब्बासचाचा न वळता हात वर करायचे,
हाताला लागेल तो त्याचाच असायचा.
कसं ओळखता, मी विचारलं होतं एकदा.
म्हणाले, जयराम, तुझ्या आईला कधी विचारलंस,
कुठलं कोंबडं कुणाचं?

मंगळवारी ते कार्ड बदलायला मस्कतला गेले.
डबा इथेच राहिला, चष्मा इथेच.
दुपारी फोन आला, कुणा केरळी नर्सचा:
उजवी बाजू गेलीय. वाचाही.
मी शटर अर्धं खाली ओढलं.
तर बाहेर सालिम उभा, उद्या भावाचं लग्न त्याच्या.

वर केलं.

त्रेसष्ट पांढरे. मोजले, परत मोजले.
शफीकुल म्हणाला, वास घे.
गळ्यापाशी गोंडा लोंबतो, त्यात अत्तर मुरतं,
धुऊनही थोडं उरतंच.
ऊद, गुलाब, आणि एकाला नुसता माशांचा:
तो खमीस मासेवाल्याचा, मी ठरवून टाकलं.
मग शिवणीच्या आत टाके सापडले,
आखूड, घाईचे, गोधडीला घालतात तसे.
निळे दोन म्हणजे बँकेतला.
हिरवा एक, वाळूचे ट्रकवाले.
लाल तीन?
प्रश्नचिन्हांचीच दोन पानं भरली.

उधारी तर कुठेच लिहिलेली नव्हती.
ती लोकच येऊन सांगू लागले,
कुणी चार रियाल, कुणी सव्वा.
पेट्रोल पंपावरचा म्हणाला, माझं काहीच नाही.
मला माहीत होतं, रमजानपासूनचं आहे.
मी लिहिलं: काहीच नाही.
पुढे एक टिंब दिलं. चाचा बघतील.

बलदियाचा माणूस आला, मालक कुठाय?
चहाला गेलेत, म्हटलं.
तिसऱ्या खेपेला तो म्हणाला,
फार लांब आहे वाटतं तुमचा चहा,
आणि स्वतःचे दोन धुवायला टाकून गेला.

रात्री नऊला फोन लावायचो.
नर्स त्यांच्या कानाशी धरायची.
आज अठ्ठावीस नग, पाच रियाल सहाशे बैसा,
साबण संपत आलाय,
दोन नंबरचं मशीन पुन्हा रडतंय.
पलीकडून श्वास.
सरळ असला की बरोबर, असं धरून चाललो.
एकदा म्हटलं, भाडं द्यायचं राहिलं,
तर तो असा अडखळला
की पहाटेच जागामालकाच्या दारात उभा होतो.
बुरोंडीहून चाचींचाही यायचा.
त्या तब्येतीचं विचारायच्या नाहीत.
दुकान उघडलंस ना? एवढंच.

एक्केचाळिसाव्या दिवशी आले.
टॅक्सीतून उतरताना डावा हात माझ्या खांद्यावर,
वजन निम्मं झालेलं.
गल्ल्याकडे गेलेच नाहीत. भिंतीसमोर थांबले,
बराच वेळ.
मग एक दिशदाशा काढून
चार खिळे पलीकडे अडकवला,
तिथला उचलून इकडे.
माझ्याकडे बघून नाक फेंदारलं.

शाळेची बस चालवणारा नासिर
सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसतो,
हे मला कोण सांगणार?
म्हणजे तो आणि खमीस
एक्केचाळीस दिवस
एकमेकांचे कपडे घालून हिंडत होते,
आणि पैसे देताना दर खेपेला म्हणत होते,
छान, जयराम.
अगदी पूर्वीसारखं.