कोकमाचं पाणी

लाल रंगाची पुडी खानापुरातच विसरली,
म्हणून मी घरून कोकमाचं आगळ आणलं.
पिशवीत पाणी, पाण्यात आगळ,
पिशवीला नळी, नळीला चिमटा.
रबरी पोट माझ्या कमरेला बांधलं इम्तियाझनं
तोंड वळवून, जणू ते माझंच होतं.

आज मी पेशंट. नाव सांगायचं, वय सांगायचं.
म्हटलं, भागीरथी, चोवीस.
हेच नाव का, कुणी विचारलं नाही.

चिमटा माझ्याच हातात, चादरीखाली.
रक्त कधी सुटायचं, कधी थांबायचं, मी ठरवायचं.
त्यांनी नीट केलं की बंद करा,
प्रशिक्षक बाईंनी बजावलं होतं.

बाळ आलं. बाहुलीच ती,
मल्लव्वानं पुसून छातीवर ठेवली
आणि मी चिमटा सोडला.

टेबलाखाली टपटप.
"रक्त येलाय वो!" मल्लव्वा.
"लगूना, लगूना," डॉक्टर विद्याश्री.
तो शब्द इकडं सगळ्यांनाच कळतो.
"ऑक्सिटोसिन दहा युनिट, मांडीत."
"दहा युनिट, मांडीत," फिलोमिना परत म्हणाली,
कारण परत म्हणायचं असतं,
नाहीतर सांगितलेलं हवेतच राहतं.
पोटावर मूठ फिरत होती, गोल, दाबून.

मी छत बघत होते.
नऊ वर्षं या खोलीत वावरले,
पंख्याच्या वरची ओल आज दिसली.
इथं निजणाऱ्या बायकांना
आमच्या तोंडाआधी तीच दिसत असणार.

तीन मिनिटं, दहा सेकंद. सगळं बरोबर.
मी चिमटा बंद केला नाही.
पिशवी रिकामी होईपर्यंत
केला नाही.

"अहो सिस्टर, केलं की त्यांनी नीट!"
म्हटलं, त्या रात्री आम्हीही नीटच केलं होतं.
फ्रिजची किल्ली सापडल्यावर.

दारात उभ्या लगमाप्पानं
अँब्युलन्सची चावी उगाच खिशात चाचपली.
त्या रात्री जांबोटीच्या वळणांवर तोच होता.

फिलोमिनानं फरशी पुसली, पिशवी भरली.
"परत," ती म्हणाली.
"मत्तोम्मे," विद्याश्री म्हणाली,
आणि केस पुन्हा घट्ट बांधले.
चौथ्या खेपेला मी चिमटा आवळला.

दुपारी रबरी पोट धुऊन दोरीवर टाकलं.
तपासणीला आलेली एक पोर, आठवा सरत आलेला,
बोटानं दाबून हसली,
"माझ्यापरीस मऊ हाय की वो हे, बाई."
बाळंतपणानंतर मऊ असणं चांगलं नसतं,
हे मी तिला सांगितलं नाही.
तारीख विचारली. अमावास्येच्या पुढं, म्हणाली.

फ्रिजला आता कुलूप नाही.
तरी जाऊन दार ओढून बघितलं. उघडलं.
लावलं. पुन्हा ओढलं.
"सारखं उघडू नका सिस्टर,"
इम्तियाझ मागून म्हणाला, "थंडावा जातोय."