हानुसची ओळ

क्लाक्सविकच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे
एक तळघर आहे. तिथे माझं मशीन घुंई घुंई करत
अठरा बेटांभोवतीचं पाणी मोजतं :
किती चढलं, किती गार झालं, दर सहा मिनिटांनी.

आमच्याकडे घरांना कुलपं लावत नाहीत.
शेजारी येतो, किटलीतली कॉफी ओतून घेतो, जातो.
मटण वाळवायच्या खोपीला तर भिंतीही फटींच्या,
वारा आत यावा म्हणूनच ठेवलेल्या.
पण या एका दाराबद्दल हानुस फार कडक.

"रात्रीचा लॉग वाच," म्हणायचा, "मग कळेल."
वाचला. एका रात्रीत अकरा हजार टकटकी,
कुठल्या कुठल्या मुलखातून, रूट म्हणून, अ‍ॅडमिन म्हणून,
एक-दोन-तीन-चार म्हणून.
त्याने पासवर्डचं दारच बुजवून टाकलं
आणि मला शेजारी बसवून किल्ली घडवायला शिकवली.

घडवायला म्हणजे काय, एक आज्ञा आणि एंटर.
जोडी जन्मते. एक अर्धी गावभर वाटायची,
सर्व्हरच्या यादीत चिकटवायची,
मासे बांधायच्या कागदावर छापली तरी हरकत नाही.
दुसरी मेलवर नाही, पेनड्राइव्हवर नाही,
"मलासुद्धा नाही, राणवा," म्हणत त्याने खुर्ची फिरवली
आणि भिंतीकडे तोंड करून बसला,
मी माझं परवलीचं वाक्य टाइप करेस्तोवर.
पडद्यावर ठिपक्या-फुल्यांची एक चौकट उमटली.
"तुझ्या किल्लीचा चेहरा," तो म्हणाला.
मला ती उलटी टांगलेली मेंढी वाटली.

हानुस गेला तो फेरीबोटीच्या रांगेत, गाडीत, इंजिन चालू.
यादीत त्याची ओळ तशीच राहिली.
सगळ्याच ओळी चार ए-नी सुरू होतात,
त्याची जरा लांब, जुन्या वळणाची, शेवटी हानुस@तळघर.
माणूस गेला की त्याच दिवशी किल्ली काढायची,
हे त्यानेच शिकवलेलं.
मी आज-उद्या करत राहिले. आठ महिने.

मग फेब्रुवारीत एका रात्री :
दोन चाळीस. किल्ली मान्य. हानुस.

हात गार पडले. चोर, हा पहिला विचार.
दुसरा विचार मी कुणाला सांगणार नाही.
आत येऊन एकच फाइल उघडली होती,
स्वीनयजवळचं पाणी. सहा पूर्णांक एक.
मग एक्झिट. एकूण चौदा सेकंद.
मागे मागे वाचत गेले. रोज. रोज तेवढंच.
लॉग वाचणंही मी सोडलं होतं, ते आत्ता कळलं.

सुन्नेवाच्या दाराला अर्थातच कुलूप नव्हतं.
टेबलावर त्याचा लॅपटॉप, वर तिचं विणकाम.
"झोपण्याआधी तो मला पाणी सांगायचा," ती म्हणाली,
"आज साडेसहा, आज सात. मग दिवा."
"आणि वाक्य? ते कसं कळलं तुला?"
"एकेचाळीस वर्षं. ओठ हलवत टाइप करायचा, वेडा."

मी रागवायला हवं होतं. कॉफी प्याले.
मग तिथूनच यादी उघडली आणि त्याची ओळ
शेवटाकडून पुसत आणली, एकेक अक्षर.
एका फटक्यात काढता आली असती.
चार ए उरले. तेही.

नवी किल्ली तिच्या नावाची, त्या एका फाइलपुरती,
दुसरं काही मागितलं तर दार बंद.
"लांब वाक्य घे," म्हटलं, "आणि ओठ मिटून."
मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून.
सामुद्रधुनीत धुकं, एक ट्रॉलर आत येत होता.
मागे एकेक कळ वाजत होती, फार सावकाश.
मधेच थांबली.
"ह्यात स्पेस चालते का गं?"
चालते, म्हटलं.