टॉवेलच्या खिडकीतून

क्लबची शंभर वर्षांची स्मरणिका निघतेय.
गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सातवं होल, सकाळचं धुकं.
मॅनेजर वॉरिंग म्हणाले, मिली, तू इथली सगळ्यात जुनी,
अर्धं पान लिही. सोयीसुविधांवर लिही.
जरा हसरं लिही.

तर लिहिते.
आमच्याकडे अठरा होल आहेत, सहा टेनिस कोर्ट,
एक मोठा तलाव आणि एक गुडघाभर पाण्याचा,
त्याचं पाणी दुपारी चारनंतर कोमट का होतं
हे सगळ्या आयांना ठाऊक आहे
आणि एकही बोलत नाही.
बाळांसाठी चौदा उंच खुर्च्या, त्यातली एक डुगडुगते.
रविवारी पॅनकेक. चार जुलैला आतषबाजी,
पाऊस आला तर पाच जुलैला.
टॉवेल पांढरे, निळ्या काठाचे, दिवसाला तीनशे.
घड्या माझ्या.

इतिहासाचं पान दुसऱ्या कुणाकडे दिलंय.
त्यात कॉर्नेलियस व्हिटलॉक असतील, काचकारखान्याचे मालक,
एकोणीसशे चोवीस, हातात फावडं,
बुटांना चिखल नाही.
एझ्रा स्टॉफर नसेल.
गोठा त्याचा होता, ओढा त्याच्या आजोबांच्या नावाचा.
पोरं एकामागून एक काचेच्या भट्टीवर गेली,
धारा काढायला म्हातारा एकटा उरला,
मग विकून टाकलं.
नाव तेवढं राहिलं, फाटकावर, पितळी अक्षरांत:
स्टॉफर्स रन कंट्री क्लब.
त्या फाटकातून आत यायला स्टॉफरच्या नातवाला
चौपन्न वर्षं लागली.
आला तोही बर्फाचं यंत्र दुरुस्त करायला,
मागच्या दारानं.

माझे बाबा इथं अकराव्या वर्षी लागले.
खांद्यावर दुसऱ्याची पिशवी, डोळा दुसऱ्याच्या चेंडूवर.
घरी स्लोव्हाक बोलायचे, भरभरून, शिव्यांसकट.
इथं दोनच शब्द: येस, सर.
पण सोमवारी क्लब बंद,
म्हणजे आमच्यासाठी उघडा.
पिशव्या वाहणारी पोरं त्या दिवशी खेळायची
उसन्या काठ्यांनी, अनवाणीसुद्धा,
आणि बाबा, पुढं वय झालं तरी, सोमवार चुकवायचे नाहीत.

ग्रिल रूमच्या दारावर 'फक्त पुरुषांसाठी' अशी पाटी होती.
एक्क्याऐंशीत काढली.
स्क्रूची चार भोकं बुजवली, वर रंग दिला,
तरी तिरकं ऊन पडलं की दिसतात.
आता तिथं मुलांचे वाढदिवस होतात.
परवा एका पोरीनं त्याच दाराला फुगा बांधला,
भोकांवरून बोट फिरवत
मला विचारलं, इथं काय होतं?
मी म्हटलं, पाटी होती.
कसली?
मी तिला टॉवेल दिला.

मागच्या आठवड्यात थिओ लिंडक्विस्टचा दात पडला, तलावात.
रडून रडून लाल झाला पोरगा,
दाताशिवाय परी पैसे कसे देणार?
गाळणीची टोपली मी उपसली:
पानं, केसांचे रबर, एक मेलेला नाकतोडा,
आणि तांदळाएवढा दात.
तो त्यानं मुठीत धरला तेव्हा
त्याच्या आजोबांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली.
चुकीच्या नावानं. पण मारली.

आणखी एक सोय आहे, यादीत नाही.
सातव्या होलच्या हिरवळीखाली स्टॉफरची विहीर आहे,
वर दगड, दगडावर माती, मातीवर महागडं गवत.
दुष्काळात सगळं मैदान पिवळं पडतं,
तेवढं एक वर्तुळ हिरवं राहतं.
सदस्य म्हणतात, काय माळी आहे आपला!
एका सोमवारी बाबांनी मला तिथं पालथं झोपवलं होतं,
कान जमिनीला. ऐक, म्हणाले.
मला काहीच ऐकू आलं नाही.
मी म्हटलं, हो, येतंय.

अर्धं पान केव्हाच संपलं, वॉरिंगसाहेब.
हवं ते कापा, दाताचं तेवढं राहू द्या.
खिडकी सातला बंद होते.
एक टॉवेल मी बाहेर ठेवून जाते,
कुणीतरी उशिरा निघतंच पाण्यातून.