वाढपी

नाताळच्या सुट्टीत, लानिडलोसच्या पुढे आठ मैलांवर,
एकतीस मुलांच्या शाळेत
मी एका कॉम्प्युटरचं तोंड काढून घेतलं.
आधी मॉनिटर, मग कीबोर्ड,
मग तो माउस, ज्याच्या पोटाशी अजून
बिस्किटाचा चुरा होता.
स्पीकरसुद्धा.
आता याला बोलायचं नाही,
नुसतं जागं राहायचं.

नव्या सर्व्हरसाठी कौन्सिलकडे पैसे नव्हते.
पत्र आलं वेल्शमध्ये आणि इंग्रजीत,
नकार दोन्हीकडून सारखाच.
म्हणून हे ऑफिसातलं, ग्वेनलियन प्रोबर्टबाईंचं,
अकरा वर्षांचं, कुशीवर मेंढीचं स्टिकर.
बाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, समुद्राजवळ.
खुर्चीवरची उशी तेवढी न्यायची विसरल्या.

झाकण उघडलं तर आत लोकर.
म्हणजे धूळच, पण या खोऱ्यात
धूळसुद्धा मेंढ्यांच्या अंगावरून येते.
चित्रकलेच्या ब्रशने पंखा झाडला.
दुसऱ्या, मेलेल्या मशीनची मेमरी
याच्या खाचेत बसवली,
अंगठ्याने, टक् होईपर्यंत.

डिस्क पुसण्याआधी बघायचं नसतं. बघितलं.
एक फाइल, नाव: जेवण, माझ्याकडे.
ज्यांच्या घरून पैसे आले नाहीत
त्या मुलांची नुसती आद्याक्षरं,
पुढे दोन पौंड, दोन पौंड, मग वाढून दोन वीस,
आणि शेवटच्या रकान्यात दर वेळी: भरले.
कुणी, ते नाही.
एका तारखेला फक्त एवढंच:
बर्फ. सगळ्यांचे.
खाली बेरीज नव्हती.
मी करायला गेले आणि हात मागे घेतला.

हेडमास्तर एम्रिस माझ्या खांद्यावरून वाचत होते.
"तिला कळलं तर लाजेल," म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
"एम. डी. म्हणजे मेरेडिथ. आता दुधाचा टँकर चालवतो."
ठेवू का?
"नको. पूस."

पडद्यावर प्रश्न आला:
यावरचं सगळं जाईल. नक्की?
एक अक्षर दाबायचं असतं.

सर्व्हरला मराठीत काय म्हणावं?
सेवक म्हटलं की दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई दिसतो.
आमच्या बार्शीला लग्नाच्या पंगतीत
आप्पामामा आमटीची बादली घेऊन फिरत.
माणसाच्या तोंडाकडे कधी पाहायचे नाहीत,
फक्त पानाकडे. कुठे संपलंय, कुठे हात आडवा आलाय.
स्वतः शेवटी बसायचे, कधी बसायचेच नाहीत,
आणि त्यांना विचारायचं कुणाच्या लक्षात येत नसे.

आता ते खेळाच्या कपाटात असतं,
हूप्स आणि गुंडाळलेल्या पॅराशूटच्या मध्ये.
नाव मुलांनी मतदान करून ठेवलं: मॉट.
शेजारच्या शेतावरच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं.
वीस टॅब्लेट एकदम मागतात:
पाढे, कोकरांचे फोटो,
नान्सीची ड्रॅगनची गोष्ट, जी तिसऱ्या पानावर अडलीय.
तो घरघरतो आणि देतो.
जुनाट आहे. सोमवारी सकाळी जरा उशीर करतो.
कपाटाला टेकून उभं राहिलं की पाठ शेकते,
हे पहिलीच्या मुलांनी माझ्याआधी शोधून काढलं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी बर्फाने तारा तोडल्या.
अंधार. स्वयंपाकघरात गॅस होता,
म्हणून मेंढीच्या मांसाचं सार तरी झालं.
पावणेदोनला दिवे आले,
आणि कपाटातून ती घरघर, कुणी न सांगता.
(सांगितलं होतं. वीज आली की आपण होऊन ऊठ,
ही खूण मीच केली होती, पण तेव्हा आठवली नाही.)
"मॉट उठला!" नान्सी ओरडली.

नवीन क्लार्क, पोरगेलासा, वही घेऊन आला.
आज कुणाकुणाचे पैसे राहिलेत, कसं लिहू?
बाहेर कुंपणाचे खांब अर्धे बुडालेले.
मी पर्स शोधत होते.
म्हटलं, बर्फ आहे ना रे आज.