तीसच्या पुढं

शिरोलीच्या पुलावर, बुधवारी, ऐन दुपारी
खाली पंचगंगा आणि वर आमचा चारशेसात,
मागं दीड टन कास्टिंग, भट्टीतनं निघालेलं, अजून कोमट,
आणि बॉनेटखालून एक आवाज आला
लोखंडानं लोखंडाला शिवी हासडल्यागत.
मग काहीच नाही.
मागच्यांचे हॉर्न तेवढे.

उद्यमनगरात दस्तगीरभाईंनी इंजिन उतरवलं.
क्रँक दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला,
रॉकेलच्या फडक्यानं पुसला, म्हणाले,
"जिनगोंडा, नखानं बघ."
नख फिरवलं. अडकलं.
कडक थंडीत टाचेला पडतात
तसल्या भेगा.

"दहा झालं, वीस झालं, तीस झालं.
दर खेपेला थोडा सोलला,
जाड बेअरिंग घातली, गाडी पळाली.
चाळीसला घासून देणारे हाईत गावात.
मी देणार न्हाई."

बावीस वर्षं स्टेअरिंग धरून मला वाटायचं
दुरुस्ती म्हणजे परत पहिल्यासारखं.
ते तर दर वेळी थोडं कमी करणं होतं.
आणि कमी करण्यालाही
शेवटचं माप असतं.

रात्री त्रिशलानं कॅलेंडरचं सरलेलं पान पालथं घातलं.
घासून, हेड बसवून : अठ्ठेचाळीस हजार, हमी तोंडी.
मिरजेत दुसऱ्याच्या गाडीचं उतरवलेलं : पंच्याऐंशी.
नवं कोरं :
तिथं तिनं आकडा लिहिला
आणि पेनाचं टोपण लावून ठेवलं.
"गाडीच फुकून टाकूया की," थोरला म्हणाला.
आमटीवर साय धरली तरी
कुणी काही बोललं नाही.

मीच म्हणालो, ब्लॉकवरचा नंबर आरसीत आहे.
सात वर्षं हप्ते फेडले ते त्या नंबराचे.
आतलं काळीजच दुसऱ्याचं म्हटल्यावर
गाडी तीच राहते का?

"मी सांगतो," त्रिशला म्हणाली.
"माझ्या शिलाई मशीनचं डोकं दोनदा बदललं.
खालचं पायडल तेवढं माहेरचं.
ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका
मशीन कुणाचं म्हणत्यात?"

शुक्रवारी मिरज.
इंजिनांची रांग, प्रत्येकाच्या तोंडात चिंध्यांचा बोळा.
एक चालू करून दाखवलं. दस्तगीरभाईंनी
स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं,
मूठ कानाला, डोळे मिटले,
आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.
मी विचारलं, कुणाच्या गाडीचं हे?
विकणारा म्हणाला, गाडी गेली, इंजिन राहिलं.
कुठल्या घाटात, कधी, आत कोण होतं,
ओठावर आलेलं
भाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून गिळायला लावलं.
"इंजिनाला विचारायचं न्हाई. ते फक्त फेरे मोजतंय."

मग पंच्याऐंशीचे एक्याऐंशी झाले.
त्रिशलाची पाटली
कुठल्या पतसंस्थेत आहे ते मला माहीत आहे,
पावती कुठं आहे ते तिला.

मंगळवारी पहिलं भाडं लागलं.
भंगारवाल्याकडनं शिरोलीच्या फौंड्रीला बीड.
चरक्याचे दात, नळाचे तुकडे, पंपाची फुटकी पोटं,
आणि ह्या सगळ्यात, उताणा,
किलोच्या भावानं मीच घातलेला
आमचा ब्लॉक.

पुलावर आलो आणि पाय आपोआप वर झाला.
कान दिला. आवाज परका होता,
नव्या सुनेनं भांडी मांडावीत तसा,
जपून, दुसऱ्याच कुठल्या तरी क्रमानं.
मागं काहीतरी खडखडलं.
आरशात बघितलं नाही.

आरसीवर नवा नंबर चढायला
महिना लागेल म्हणतात.
तोवर कागदावर
जुनंच इंजिन चालतंय.