एका दिवसाचा गुणाकार

तार्तूच्या रक्तपेढीत पहाटे तीनला
उर्वे क्वेरी उघडून बसलेली.
आधीच्या कुणीतरी आकडा ठोकून ठेवलाय : पस्तीस दिवस.
प्लेटलेट्सना कोण देणार एवढं आयुष्य?

अवतरणचिन्हांत कॉलमचं नाव कोंबून पाहिलं,
डेटाबेसनं ओळखच दाखवली नाही.
मग तिनं इंटरव्हल घेतला फक्त एका दिवसाचा,
सुटा, खिशातल्या नाण्यासारखा,
आणि गुणला ज्याच्या त्याच्या आकड्यानं.
संकलनाच्या तारखेत मिळवला. रन.

चार ओळी आल्या.
चौथी पिशवी आज रात्री बाराला बाद.
दात्याचं नाव तिथं नसतं, नुसता क्रमांक;
तरी तिला तो पाठ आहे.
गेल्या सोमवारी,
याच डाव्या हातातून.

कुणाला लागू नये म्हणावं,
की लागावं?