दाराकडे तोंड केलेले बूट

पाचवा सरला
आणि मी पुंता अरेनासभर हिंडले
एकच प्रश्न घेऊन.
वारा उठला की इथे रस्त्याकडेला दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
एका हातात दोर, एक हात पोटावर.

पहिला डॉक्टर. समुद्रधुनीकडे उघडणारी काच,
भिंतीवर अकरा प्रमाणपत्रं.
विचारलं, तुमचं कधी चुकलंय का?
तो हसला. म्हणाला, काळजी माझ्यावर सोडा.
मी कोट चढवला.

दुसरीकडे यंत्रं नवी कोरी,
आणि बाई भली होती, खोटं कशाला बोलू.
प्रश्न ऐकून तिने टक्के सांगितले,
दशांशासकट.
मला वाटलं होतं एखादं नाव सांगेल.

सासू म्हणाली, हाताला गुण असला की झालं,
ओस्वाल्दोच्या वेळी कळा सुरू झाल्या
तेव्हा मी बटाटे काढत होते.
ओस्वाल्दो बोटीवरून म्हणाला, तू म्हणशील ती.
आवाज तुटत होता. रेंज नसेल.
की त्यालाही भीती वाटत होती?

मग एदेल्मिरा कार्कामो, सुईण.
सरकारी दवाखान्यात आठवड्याचे चार दिवस,
उरलेले तीन या पिवळ्या पत्र्याच्या घरात.
उंबऱ्याशी रबरी बूट, चवडे रस्त्याकडे.
मी विचारलं.
तिने पेन ठेवलं.
उठून किटलीखालचा गॅस बंद केला.
म्हणाली, हो. अठरा वर्षं झाली.
रात्रीच मोठ्या इस्पितळात धाडायला हवं होतं,
मी उजाडेपर्यंत थांबले.
मुलगी होती. अमांकाय.
आईने नाव आधीच ठेवलं होतं.

कुणीच काही बोललं नाही.
पत्रा वाजत होता.

तेव्हापासून मी लवकर फोन करते, ती म्हणाली,
कधी कधी फारच लवकर.
डॉक्टर वैतागतात. अर्ध्या रात्री गाडी येते
आणि काहीच झालेलं नसतं.
चालेल तुला?

खिशातल्या कागदावर अजून दोन नावं होती.
फाडला नाही, घडी करून परत ठेवला.
विचारलं, आणि तुम्हाला रात्री उठवलं तर?
तिने नुसती मान वळवली
बुटांकडे.